लाजेचे तारण

मार्च उजाडला की धनजसारख्या गावातील काही माणसांच्या वाटा बदलतात. वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील या पट्ट्यात सोयाबीन दिवाळीच्या आगेमागे घरी येते आणि बहुधा लगेच विकावे लागते. तूर जानेवारी-फेब्रुवारीत निघते. कापसाची शेवटची वेचणीही तोवर उरकलेली असते. यापुढे हाती येण्यासारखे काही नसते, आणि पीककर्जाच्या परतफेडीची ३१ मार्च ही तारीख समोर उभी असते. ज्याचा हिशेब जुळला तो कास्तकार बसथांब्यावरच्या टपरीवर नेहमीसारखा चहा घेतो. ज्याचा जुळला नाही तो कृषी सेवा केंद्रासमोरून न जाता मागच्या बोळातून वावर गाठतो, सेवा सहकारी सोसायटीच्या गटसचिवाची मोटारसायकल दिसली की घरात वळतो, लग्नाला स्वतः न जाता मुलाला पाठवितो, तेरवीला जाऊन पंगत बसण्यापूर्वीच परततो. पुढे पुढे ज्यांचे त्याच्याकडे काहीही येणे नाही अशांनाही तो टाळू लागतो. फोन वाजत राहतो. गाव म्हणते, माणूस घुम्या झाला. त्याच्या मनात काय चालले होते हे गावाला कळते ते अनेकदा फार उशिरा, पंचनाम्याच्या दिवशी.

या अवस्थेसाठी मराठी भाषेने शब्द फार पूर्वीपासून जपून ठेवले आहेत. तोंड चुकविणे, तोंड लपविणे, तोंड दाखवावयास जागा न उरणे, चारचौघांत मान खाली जाणे. या सर्व वाक्प्रचारांत एक गोष्ट समान आहे: पाहणारा कोणीतरी दुसरा गृहीत धरलेला आहे. भीती अंधाराची वाटू शकते, सापाची वाटू शकते. लाज मात्र माणसालाच माणसाची वाटते. म्हणूनच माणसे टाळणाऱ्या माणसाचा विचार केवळ त्याच्या स्वभावापाशी थांबविणे अपुरे ठरते. तो कोणाला टाळतो, कोणत्या महिन्यात टाळतो आणि टाळल्याने त्याचे कोणते नुकसान तात्पुरते टळते, हे प्रश्न अर्थशास्त्राचेही आहेत.

मानसोपचारशास्त्राने लोकांत वावरण्याच्या या भीतीची स्वतंत्र नोंद तशी उशिराच घेतली. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेच्या १९८० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत तिला प्रथम वेगळे स्थान मिळाले. चारचौघांत बोलताना, अनोळखी माणसाशी व्यवहार करताना, कोणाच्या देखत जेवताना वा सही करतानाही आपण पारखले जात आहोत, हसे होणार आहे, अशी धास्ती काहींना सतत वाटते. छाती धडधडते, घसा कोरडा पडतो, हात कापतो. तिची सुरुवात बहुधा कुमारवयात होते. प्रसंग टाळला की तेवढ्यापुरता जीव भांड्यात पडतो, आणि तेथेच खरा घात होतो. कारण मिळालेला दिलासा पुढच्या टाळाटाळीचे आमिष बनतो. आज बाजार टाळला, उद्या पार टाळला, परवा ओटाही परका होतो. या विकारावर उपाय आहेत. जाणत्या माणसाच्या मदतीने हळूहळू, पायरीपायरीने प्रसंगांना सामोरे जाण्याची पद्धत आहे, आवश्यक तेथे औषधे आहेत, आणि त्यांचा गुण येतो. हे स्पष्टपणे सांगणे जरूर आहे. पुरोगामी वर्तुळांत एक सोयीस्कर समजूत नांदते की सारे मनोविकार ही भांडवलशाहीची अपत्ये असून ती व्यवस्था गेली की तेही जातील. ज्या मुलीला वर्गात हजेरी देतानासुद्धा दरदरून घाम फुटतो तिला क्रांतीपर्यंत थांबा म्हणणे हा निर्दयपणा होय.

परंतु धनजच्या थकबाकीदाराचे प्रकरण याहून एका महत्त्वाच्या बाबतीत निराळे आहे. रुग्णाला आपल्याकडे सारे जग पाहत आहे असे वाटते आणि ते बहुतांशी खरे नसते. उपचारकाचे निम्मे काम त्याला ही अतिशयोक्ती उमगावी यासाठीच असते. थकबाकीदाराकडे मात्र खरोखरच कोणीतरी पाहत असते. कृषी केंद्राच्या वहीत त्याचे पान असते. अडत्याने सोयाबीनच्या चुकाऱ्यातून किती कापून घेतले हे अडत्याला पाठ असते. गटसचिवाजवळ यादी असते. अशा माणसाला तुझी भीती निराधार आहे असे कोणत्या तोंडाने सांगावयाचे?

अॅडम स्मिथने १७७६ सालच्या आपल्या ग्रंथात जीवनावश्यक वस्तू कोणत्या याची चर्चा करताना तागाच्या सदऱ्याचा दाखला दिला आहे. हा सदरा जगण्याला अत्यावश्यक नाही. ग्रीक आणि रोमन त्याच्यावाचून सुखाने जगले. पण स्मिथच्या काळच्या युरोपात साध्या मजुरालाही तो अंगात नसता चारचौघांत जाण्याची लाज वाटली असती, म्हणून तो आवश्यक वस्तूच ठरतो. अमर्त्य सेन यांनी १९८३ साली दारिद्र्याच्या व्याख्येचा वाद घालताना हाच दाखला पुन्हा पुढे आणला आणि लोकांत लाज न वाटता वावरता येणे ही माणसाची एक मूलभूत क्षमता मानली. दारिद्र्यरेषेच्या आपल्याकडील वादांत उष्मांक मोजले गेले, पुढे उपभोगखर्च मोजला गेला. हा सदरा मात्र कोणी मोजला नाही. विदर्भातील ज्या कास्तकाराच्या घरी दोन वेळची भाकरी आहे, छप्पर आहे, मुलगा कॉलेजात आहे, तो सरकारी अर्थाने गरीब नसेलही. परंतु गावच्या मुख्य रस्त्याने दिवसाढवळ्या चालण्याची क्षमता तो मार्च महिन्यात गमावून बसतो.

ही लाज निसर्गाने दिलेली नाही. तिची रीतसर व्यवस्था लावलेली आहे.

पतपुरवठ्याचे शास्त्र तारणावर उभे असते. ज्याच्याजवळ सातबारा आहे त्याची जमीन तारण. ज्याच्याजवळ जमीन नाही, वा जी आहे ती आधीच अडकलेली आहे, त्याच्याजवळ तारण म्हणून काय उरते? उरते ती त्याची गावातली पत, म्हणजे चारचौघांतले तोंड. जुन्या सावकाराला हे ठाऊक होतेच. परंतु या गोष्टीला शास्त्राचा दर्जा गेल्या चार-पाच दशकांत लाभला. बांगलादेशातील ग्रामीण बँकेने स्त्रियांच्या लहान लहान गटांना कर्जे दिली व ती मोठ्या प्रमाणावर वसूल होतात असे दाखविले. मुहम्मद युनूस व त्यांची बँक यांना २००६ सालचे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. त्या प्रयोगामागील हेतू चांगला होता याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्यांनी त्यातून उचलला तो मुख्यतः एक धडा: पाच-दहा जणी एकमेकींना जामीन असल्या की कंपनीला तारणाची गरज उरत नाही. हप्ता चुकला तर शेजारणीच विचारतात. पाठ्यपुस्तके याला सामाजिक तारण म्हणतात. सरळ मराठीत ते लाजेचे तारण होय.

याचा परिणाम विदर्भातील गावांत आता कोणालाही दिसू शकतो. आठवड्याच्या वा पंधरवड्याच्या ठरलेल्या दिवशी कोणाच्या तरी ओसरीवर बैठक भरते, कंपनीचा माणूस येतो, आणि जिच्याजवळ हप्ता नाही ती त्या सकाळी लवकर उठून कामाच्या नावाखाली वावरात निघून जाते किंवा दाराला बाहेरून कुलूप लावून आत बसते. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये या व्यवसायाचे नवे नियम काढले. कर्जफेडीचे हप्ते कुटुंबाच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक नसावेत. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर कर्जदाराला फोन करू नयेत. लोकांत अपमान करू नये. नातेवाइकांना छळू नये. नियम स्वागतार्ह आहेत. पण त्यांतच एक कलम असे आहे की कर्जदार ठरलेल्या जागी लागोपाठ दोन वेळा आला नाही तर वसुलीसाठी त्याच्या घरी वा कामाच्या ठिकाणी जाण्यास मुभा आहे. याचा मानवी अर्थ असा की, जी स्त्री भीतीपोटी बैठक टाळते तिच्या टाळण्याचीच दखल घेऊन वसुलीदार तिच्या दारात येऊ शकतो. जिच्याजवळ खरोखरच पैसा नाही आणि जी चारचौघींत हे सांगू शकत नाही, या दोघींत नियमाला फरक करता येत नाही. बहुतेकदा त्या दोघी एकच असतात.

येथे बैठक या शब्दाचीही अवनती झाली आहे. महिला आर्थिक विकास महामंडळाची स्थापना १९७५ साली झाली आणि पुढे त्याच्या व इतर संस्थांच्या प्रयत्नांतून बचत गटांचे जे जाळे गावोगावी उभे राहिले त्यात पैशापेक्षा मोठी एक कमाई होती. घराबाहेर पडण्यास सबब लागणाऱ्या स्त्रियांना एकत्र बसण्याचे हक्काचे निमित्त मिळाले. पहिल्या सभेत स्वतःचे नाव उच्चारताना पदर तोंडाशी धरणारी बाई वर्षभराने बँकेत जाऊन विचारणा करू लागली, ही गोष्ट ज्यांनी या गटांत काम केले त्या प्रत्येकाने पाहिलेली आहे. भीती घालविणारी आणि भीती घालणारी बैठक बाहेरून सारखीच दिसते; तीच सतरंजी, तीच वही.

पुरुषांच्या बाबतीत सहकारी सोसायटी व बँका ही भूमिका बजावतात. जुने कर्ज फेडल्याचे दाखवून लगेच नवे उचलणे, ज्याला गावात नवे-जुने करणे म्हणतात, त्यासाठीही चार दिवसांपुरती रोकड कोठून तरी उभी करावी लागते, आणि ती बहुधा सावकाराकडूनच येते. जमले नाही तर नाव थकबाकीदारांत जाते व पुढच्या खरिपाचा दरवाजा बंद होतो. २०१६-१७ च्या सुमारास मराठवाड्यातील एका जिल्हा बँकेने तर थकबाकीदारांच्या घरासमोर मांडव घालून वाद्ये वाजविण्याचा इशारा देणारी पत्रे हजारो शेतकऱ्यांना धाडली होती आणि त्या उपक्रमाला गांधीगिरी असे नाव दिले होते. गांधींच्या नावाची एवढी विटंबना त्यांच्या शत्रूंनीही क्वचितच केली असेल.

दुसऱ्या बाजूला काय दिसते? २०१४-१५ पासूनच्या नऊ आर्थिक वर्षांत बँकांनी सुमारे साडेचौदा लाख कोटी रुपयांची कर्जे निर्लेखित केली, त्यांपैकी जवळजवळ ७ लाख ४१ हजार कोटी मोठ्या उद्योगांची व सेवाक्षेत्राची होती, अशी माहिती केंद्र सरकारने २०२३ साली संसदेत दिली. निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, वसुलीचा हक्क कायम राहतो, हे तांत्रिकदृष्ट्या खरे आहे आणि ते मान्य करावयास हवे. तथापि या रकमांच्या ऋणकोंपैकी कोणी मागच्या बोळातून घरी जाऊ लागल्याचे ऐकिवात नाही. त्यांच्या लग्नसमारंभांची छायाचित्रे वृत्तपत्रांत येतात. २०१९ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार देशातील शेतकरी कुटुंबावर सरासरी ७४,१२१ रुपयांचे कर्ज होते. लाज कर्जाच्या आकाराच्या व्यस्त प्रमाणात वाढते, असा नियमच जणू या देशात लागू आहे.

महाराष्ट्राच्या इतिहासात मात्र कर्जदाराने तोंड लपविले नाही असा एक काळ होऊन गेला आहे, आणि समाजवादी कार्यकर्त्यांनी तो पुन्हा वाचण्याजोगा आहे. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे गावात एका सावकाराने हुकूमनाम्याच्या जोरावर एका कर्जदाराचे घर पाडले, तेव्हा गावाने सावकारावर बहिष्कार घातला. न्हावी त्याची हजामत करीना, परीट कपडे धुवीना, कोणी पाणी भरीना. टाळणे हे तेथे दुबळ्याचे लपणे नव्हते. ते गावाच्या हातातील हत्यार होते. पुढे १२ मे १८७५ रोजी सुपे येथे, भर बाजाराच्या दिवशी, जमावाने सावकारांची दुकाने गाठली व कर्जरोखे ताब्यात घेऊन जाळले. दंगे पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. माणसे मारण्यावर त्यांचा रोख नव्हता, कागदांवर होता. १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा त्यातून आला. हिंसेचे समर्थन करण्यासाठी हा इतिहास येथे सांगितलेला नाही. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की दीडशे वर्षांपूर्वीचा निरक्षर ऋणको आपले कर्ज ही सर्वांची गोष्ट आहे असे मानीत होता आणि आजचा पदवीधर मुलाचा बाप ती बायकोपासूनही दडवितो.

मधल्या काळात घडले ते असे की सावकाराची जागा संस्थांनी घेतली. हे चांगलेच झाले. सहकारी पतपुरवठ्यासाठी समाजवाद्यांनीही आयुष्ये वेचली आहेत. पण त्यामुळे कर्ज देणाऱ्याला तोंड उरले नाही, घेणाऱ्याचे मात्र उरले. बहिष्कार कोणावर घालावयाचा? गटसचिव गावातलाच, स्वतः पगारासाठी ताटकळणारा. व्यवस्थापक तीन वर्षांनी बदलून जाणारा. निर्णय कोठेतरी संगणकात झालेला, आणि अलीकडे तर सिबिलच्या गुणांकावर. ज्या अन्यायाला तोंड नाही त्याच्यासमोर माणूस स्वतःचेच तोंड झाकून घेतो.

अमरावती, अकोला, वाशीम, यवतमाळ, बुलढाणा व वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. त्याच वर्षी राज्य शासनाने या जिल्ह्यांतील सुमारे साडेसतरा लाख शेतकरी कुटुंबांची घरोघर पाहणी केली होती. मुलीबाळींची लग्ने करणे कठीण झालेली तीन लाखांहून अधिक कुटुंबे तीत आढळली. ही नोंद सिंचनाच्या आणि कर्जाच्या आकड्यांत हरवून गेली. पण लाजेचा प्रश्न समजण्यास तिच्याइतका दुसरा आकडा उपयोगी नाही. लग्न हा गावाने एकमेकांना भेटण्याचा सर्वांत मोठा प्रसंग, आणि तोच लाखो घरांना भेटी टाळावयास लावणारा प्रसंग झाला होता. आता फासा उलटला आहे. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही. सोलापुरात डिसेंबर २०२२ मध्ये अविवाहित तरुणांनी बाशिंगे बांधून, घोड्यांवर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला, तेव्हा वृत्तपत्रांनी तो गंमत म्हणून छापला. निदान त्या तरुणांनी आपले दुःख रस्त्यावर आणले. त्यांच्यामागचे असंख्य तरुण दुसऱ्यांच्या लग्नांना जाणे बंद करून घरी बसले आहेत, कारण मांडवात पाय टाकताच पहिला प्रश्न काय येणार हे त्यांना ठाऊक आहे. स्पर्धा परीक्षांच्या खोल्यांतून परतलेल्यांची कथा याहून वेगळी नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२३ साली देशात शेतीशी संबंधित १०,७८६ व्यक्तींनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी ४,१५१ महाराष्ट्रातील होत्या. प्रत्येक मृत्यूमागे कर्जच असते असे म्हणणे धाडसाचे होईल. आजार, व्यसन, घरातील कलह असे अनेक धागे तेथे गुंतलेले असतात. परंतु एकाकीपणा हा त्या सर्वांना बांधणारा धागा आहे, आणि तो तुटण्याजोगाही आहे.

येथे एका गोष्टीची आठवण काढल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. माणसाने माणसाला टाळावे हा या देशात नवा रोग नाही. तो हजारो वर्षे धर्म म्हणून पाळला गेला. अस्पृश्यता ही दुसरे काय होती? डॉ. आंबेडकरांनी बालपणीचा एक प्रसंग नोंदविला आहे. १९०१ साली ते व त्यांची भावंडे साताऱ्याहून वडिलांकडे कोरेगावला निघाली व मसूर स्थानकावर उतरली. नीटनेटक्या कपड्यांतील ही मुले महार आहेत असे कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला आणि दुप्पट भाडे देऊनही बैलगाडी हाकावयास कोणी तयार होईना. गाडी मिळाली ती मुलांनी स्वतः हाकावी या अटीवर. ज्यांच्या पूर्वजांना बाजार, पाणवठा व देऊळ या तिन्ही ठिकाणी गावानेच टाळले, त्यांच्या वस्तीतील मुलगा आज कचेरीच्या खिडकीशी अडखळला तर तो संकोची स्वभावाचा म्हणून सोडून देणे हे अज्ञान आहे. बाबा आढावांनी १९७० च्या दशकात एक गाव एक पाणवठा ही चळवळ गावोगाव नेली तेव्हा त्यांना आढळले ते हेच, की १९५५ च्या कायद्याने विहीर खुली झाली तरी तिच्याकडे जाणारा पाय खुला होत नाही. त्यासाठी कोणीतरी बरोबर चालावे लागते. कर्जामुळे तोंड लपविण्याची पाळी ज्या जमिनदार जातींतील शेतकऱ्यांवर आली आहे त्यांना आपल्याच गावच्या दुसऱ्या टोकाला काय सोसावे लागले याची ओळख यातून पटली, तर ती उशिरा का होईना मोलाची ठरेल.

आता प्रश्न चळवळीचा. समाजवादी पक्षांची कामाची पद्धत सभा, भाषण आणि ठराव यांवर बेतलेली आहे. जो बोलतो तो कार्यकर्ता. जो बोलत नाही तो श्रोता. आणि जो येतच नाही त्याची नोंद कोणत्याही वहीत नसते. ध्वनिक्षेपकासमोर उभे राहण्याच्या कल्पनेने ज्याच्या पोटात गोळा येतो असा माणूस या पद्धतीत वर्षानुवर्षे सतरंज्या उचलीत राहतो वा गळून पडतो. याउलट ४ जून १९४१ रोजी स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखांचे सामर्थ्य कशात होते हे जुन्या सैनिकांना विचारावे. तेथे खेळ होता, गाणे होते, श्रमदान होते. ज्याला बोलता येत नव्हते त्यालाही चारजणांत उभे राहण्याची जागा होती. साने गुरुजींसारखा हळवा माणूस त्या मुलांत रमला. त्याच गुरुजींनी ११ जून १९५० रोजी स्वतःच्या हाताने जीवनयात्रा संपविली. देशाच्या स्थितीने ते व्यथित होते असे सांगून चळवळ प्रत्येक वेळी त्या दिवसावर पडदा टाकते. इतक्या माणसांनी वेढलेला माणूस आतून इतका एकटा कसा राहिला, हा प्रश्न त्यांच्या अनुयायांनी एकमेकांना मोकळेपणाने कधी विचारला नाही, आणि म्हणून खेड्यातील एकाकी माणसाविषयी बोलण्याची भाषाही चळवळीजवळ तयार झाली नाही.

शासनाने काही केलेच नाही असे म्हणता येणार नाही. आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांसाठी २०१५ साली प्रेरणा प्रकल्प सुरू झाला व आशा सेविकांनी घरोघर जाऊन निराश झालेल्या माणसांची चौकशी करावी असे ठरले. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस ही विनामूल्य सेवा आहे. ती मराठीतही बोलते, आणि हा क्रमांक प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असावा. वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ साली सुरू झाले. तरी २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत निरनिराळ्या मनोविकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नसल्याचे आढळले होते, ते आठवावे. माणसे टाळणे हेच ज्याचे लक्षण आहे तो रुग्णालयाच्या रांगेत येऊन उभा राहील ही अपेक्षाच विपरीत आहे. आशा सेविका त्याच्या दारी जाते हे बरोबर. पण तिला मानधनावर राबवून, डझनभर नोंदवह्या भरावयास लावून, वर हे नाजूक कामही तिच्याच माथी मारले जाते. शिवाय ती गावातलीच. तिच्यापाशी सांगितलेले तिच्यापाशीच राहील याची हमी त्याला कोणी दिलेली नसते.

हे काम होऊ शकते याचा पुरावा धनजच्या शेजारच्याच अमरावती जिल्ह्यात आहे. तेथील ३० गावांत गेल्या दशकाच्या प्रारंभी विश्राम नावाचा उपक्रम चालला. गावातीलच कार्यकर्त्यांना शिकवून, बैठका घेऊन, घरोघर जाऊन, डॉक्टरला गावाजवळ आणून त्यांनी काम केले. नैराश्यग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. त्याचा अभ्यास २०१७ साली आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आकडा अजूनही निम्म्याच्या खूप खाली आहे. परंतु सहापट वाढ ही काही यंत्रामुळे झालेली नाही. कोणीतरी दार वाजविले म्हणून झाली.

यंत्रांचा विषय निघाला म्हणून एवढेच नोंदवावे की ती या बाबतीत दुधारी आहेत. ऑगस्ट २०२१ मध्ये ई-पीक पाहणी आली आणि पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः भ्रमणध्वनीवर करावयाची ठरली. तलाठ्याच्या दारात तासन् तास अवघडून उभा राहणाऱ्याला ही सुटकाच वाटली, आणि तिचा उपहास करण्याचे कारण नाही. मात्र छायाचित्र चढले नाही, नोंद राहिली व विमा हुकला, की विचारावयाचे कोणाला हे त्याला उमजत नाही. विचारण्याची सवय तोवर मोडलेली असते.

कारंजा तालुक्यातील कार्यकर्त्यांनी या मार्चमध्ये काय करावे हे सांगण्यास फार मोठ्या सिद्धान्ताची गरज नाही. जो दिसेनासा झाला आहे त्याच्याकडे जावे, आणि कर्जाची गोष्ट काढू नये. काही कामासाठी जावे, बैलाची चौकशी करावी, तुरीच्या भावाबद्दल बोलावे, दुसऱ्यांदा जावे. झोप, जेवण व बोलणे सुटलेले दिसले वा जगण्याला कंटाळल्याची भाषा कानी आली तर त्याला एकटे न सोडता घरच्यांना विश्वासात घेऊन डॉक्टरकडे स्वतः बरोबर न्यावे. हप्त्याच्या बैठकीला ज्या बाया जात नाहीत त्यांच्याबरोबर दोघींनी जाऊन बसावे आणि रिझर्व्ह बँकेचे नियम मराठीत छापलेला कागद वसुलीदाराच्या हाती द्यावा. १ मेच्या ग्रामसभेत दोन ठराव मांडावेत: थकबाकीदारांची नावे गावात कोठेही लावली वा वाचली जाऊ नयेत, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात महिन्यातून एक ठरलेला दिवस मानसोपचारतज्ज्ञ बसावा. आणि बँकेच्या शाखेत कर्जाच्या पुनर्गठनाचा अर्ज घेऊन जावयाचे ते एकेकट्याने जाऊ नये. दहा-पंधरा जणांनी एकाच दिवशी, एकाच वेळी, मुख्य रस्त्याने जावे. एकट्याला दारातला शिपाईच साहेब बाहेर गेले आहेत म्हणून परत पाठवितो. पंधरा जण आले की साहेब आत असतात. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्यावी, आणि हे सारे ३१ मार्चच्या किमान दोन आठवडे आधी व्हावे, कारण शेवटच्या आठवड्यात शाखेत कोणाचेच ऐकून घेतले जात नाही.